अडकलेला सीट पिलर: ओढू नका, फिरवा

तुम्ही लिहिलंय की वडिलांची जुनी सायकल देवगडच्या घरातून पुण्याला आणली. ती पडवीत १२-१३ वर्षं उभी होती. टायर, ब्रेक, चेन सगळं मार्गी लागलं, पण सीट तुमच्यासाठी चार बोटं उंच आहे आणि ती काही केल्या खाली जात नाही. जवळच्या दुकानात पाइप पाना लावून पाहिला, तर माथा चेपला आणि पिलर तसाच राहिला. आता दुकानदार म्हणतो, फ्रेम बदला नाहीतर आहे तशी चालवा.

फ्रेम बदलू नका. मी २८ वर्षं जुन्या सायकली खोलतो-जोडतो आहे. अडकलेले पिलर बहुतेक वेळा निघतात. जे निघत नाहीत ते कापून काढता येतात. या सगळ्या कामात माझ्या हातून एकच फ्रेम गेली आणि ती घाईमुळे गेली. त्याबद्दल पुढे लिहितो. सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. पिलर ही बाजारात सहज मिळणारी वस्तू आहे, वडिलांची फ्रेम मिळणार नाही. म्हणून प्रत्येक टप्प्यावर पिलरचं काहीही होऊ दे, पण फ्रेमच्या नळीला धक्का लागता कामा नये.

दोन शब्द आधी स्पष्ट करतो, कारण दुकानात दोन्हींना 'सीट पाइप' म्हणतात आणि गोंधळ होतो. सीटच्या खाली जो सरकता दांडा असतो तो सीट पिलर. तो फ्रेमच्या ज्या उभ्या नळीत उतरतो तिला मी उभी नळी म्हणेन. ही नळी वर सीट बोल्टपाशी सुरू होते आणि खाली बीबीच्या डब्यात, म्हणजे पॅडलचा ॲक्सल असतो तिथे, जाऊन मिळते.

एक महत्त्वाची गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: पिलर लोखंडी आहे की ॲल्युमिनियमचा? सायकल त्या काळची आहे म्हणून पिलरही मूळचाच असेल असं धरून चालू नका. मधे कधीतरी कुणी बदललेला असू शकतो, आणि चकाकी पाहून दोन्ही सारखेच वाटतात. फ्रिजवरचं साधं चुंबक आणा आणि पिलरला लावा. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर जवळजवळ नक्की ॲल्युमिनियम. फ्रेमलाही लावून पाहा. ती लोखंडीच असणार, पण खात्री हवी. पुढचं निम्मं काम या उत्तरावर ठरतं, कारण दोन्ही धातू अडकतात वेगवेगळ्या कारणांनी.

लोखंडात लोखंड असेल तर मधे साधा तांबडा गंज असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. पिलर आणि नळी यांच्यात मुळात केसभर फट असते. ती गंजाने भरते, मग गंज दोन्हीकडे दाबायला लागतो आणि पाचर ठोकल्यासारखं होतं. पण गंज सच्छिद्र असतो, त्यात तेल मुरतं. त्यामुळे लोखंडी पिलरला तेल आणि सबुरी लागू पडते.

लोखंडी नळीत ॲल्युमिनियमचा पिलर असेल तर प्रकरण वेगळं. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मधे खारट ओल, म्हणजे ती बॅटरीच झाली. या बॅटरीत ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी तयार होते. ही भुकटी दाबाखाली इतकी घट्ट बसते की तेल तिच्यात फारसं शिरत नाही. देवगडसारख्या ठिकाणी, समुद्राच्या हवेत, हे फार लवकर होतं. किनाऱ्यावरच्या सायकली मी उघडतो तेव्हा सीट बोल्टाच्या चिरेतून, म्हणजे उभ्या नळीच्या वरच्या टोकाला मागे असलेल्या उभ्या फटीतून, पांढरं काही बाहेर आलंय का हे सगळ्यात आधी पाहतो. तांबडं दिसलं तर बरं वाटतं.

आता काम. सीट काढून ठेवा. सीट बोल्ट नुसता सैल करू नका, पूर्ण काढा. जुन्या सायकलींच्या सीट बोल्टाला डोक्याखाली एक छोटा दात असतो, तो फ्रेमच्या कानातल्या (चिरेच्या दोन बाजूंचे उंचवटे, ज्यांतून बोल्ट जातो) खाचेत बसतो. म्हणून बोल्टाचं डोकं फिरवायचं नाही, नट फिरवायचा. नाहीतर खाच खराब होते. बोल्ट निघाल्यावर मागच्या चिरेत स्क्रू-ड्रायव्हरचं पातं घालून अगदी किंचित, अर्धा मिलिमीटर, फाकवा. त्याहून जास्त नाही. तिथलं लोखंड वर्षानुवर्षं आवळलेलं असतं, ते तडकतं. चिरेतली माती आणि गंज सुईने खरवडून काढा.

यानंतर बहुतेकजण वरून तेल ओततात, दहा मिनिटं थांबतात आणि पाना लावतात. तुमच्याकडेही तेच झालं असणार. वरून टाकलेलं तेल चिरेपाशी थोडंसं मुरतं आणि बाकीचं ओघळून जातं. पिलरचं खालचं टोक, जिथे ओल साठून सगळ्यात जास्त गंज धरतो, तिथे ते पोचतच नाही. तेल खालून गेलं पाहिजे, आणि त्यासाठी बीबी उघडावी लागते. हे काम लांबचं वाटतं, पण मी ते कधी टाळत नाही.

तुमच्या सायकलीला कॉटरचे क्रँक असणार, म्हणजे पॅडलचे दांडे (क्रँक) ॲक्सलवर पाचरीसारख्या खिळीने (कॉटर) बसवलेले. कॉटरचा नट त्याच्या आट्याच्या टोकाशी सपाट होईपर्यंत सैल करा. क्रँकच्या खाली, कॉटरच्या बरोबर शेजारी, लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत उभा टेकवा, आणि मग वजनदार हातोडीचा एक सरळ घाव घाला. हलक्या हातोडीने दहा वेळा ठोकलंत तर कॉटर वाकतो आणि आतच फुगतो. पाइपचा टेकू नसेल तर घाव ॲक्सलच्या छर्ऱ्यांना आणि ते ज्यात फिरतात त्या कपांना बसतो. क्रँक निघाले की डावीकडचं लॉक रिंग आणि कप खोला, ॲक्सल काढा. छर्रे बहुतेक पाव इंची, एका बाजूला ११, असे असतात. खाली कापड अंथरा म्हणजे हरवणार नाहीत. काढलेच आहेत तर नवे टाका, महाग नसतात.

आता बीबीच्या डब्यातून वर पाहिलंत तर उभ्या नळीचं तोंड दिसेल. त्यातून एक सरळ सळई किंवा सायकलचा जुना स्पोक वर सरकवा, तो पिलरच्या खालच्या कडेला टेकेल. पिलर पोकळ असतो, म्हणून टोक थोडं वाकवून कडेवर अडकवा. तिथे खूण करा, सळई बाहेर काढून नळीला बाहेरून लावा. पिलर आत किती गेला आहे ते लगेच कळतं. हा आकडा फार मोलाचा आहे. पिलर २५ मिलिमीटर जाडीचा आणि आत १५ सेंटिमीटर असेल तर गंजाने धरलेलं क्षेत्रफळ सुमारे ११८ चौरस सेंटिमीटर होतं, म्हणजे जवळपास एका पोस्टकार्डाएवढं. ७ सेंटिमीटरच आत असेल तर निम्म्याहून कमी. किती दिवस लागतील, कापायची वेळ आली तर किती खोल कापावं लागेल, हे सगळं इथेच समजतं.

तेल कोणतं? लोखंडी पिलरसाठी मी ॲसिटोन आणि गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल समसमान घेतो. ही दोन्ही नीट मिसळत नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी बाटली हलवून वापरायची. ॲसिटोन पातळ असल्यामुळे तेलाला फटीत घेऊन जातं आणि मग उडून जातं. हे नसेल तर गंज सोडवायचा चांगला स्प्रे चालेल. डिझेलही चालतं, मात्र वेळ जास्त लागतो. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल चालणार नाही. ॲसिटोनने फ्रेमचा रंग जातो, म्हणून बाहेर ओघळलेलं लगेच पुसा. ते पेटतंही झटकन, तेव्हा हे काम हवेशीर जागेत करा. जवळपास गॅस किंवा उदबत्तीसुद्धा नको.

पिलरच्या वरच्या तोंडात लाकडाचं बूच घट्ट ठोकून बसवा, नाहीतर ओतलेलं तेल पोकळ पिलरमधून खाली जमिनीवर जाईल. मग सायकल उलटी करा आणि बीबीच्या डब्यातून दोन-तीन चमचे तेल नळीत सोडा. आता ते नळीच्या आतल्या बाजूने पिलरच्या खालच्या कडेपर्यंत पोचतं आणि फटीत उतरायला लागतं. रात्रभर तसंच ठेवा. सकाळी सायकल सरळ करून वरच्या चिरेत थोडं सोडा, संध्याकाळी पुन्हा उलटी. हे निदान पाच दिवस, शक्य तर आठ. रोज एकदा पिलरच्या बाजूंवर लाकडी किंवा प्लास्टिकच्या हातोडीने चहूबाजूंनी टकटक करा, जोरात नाही. या हादऱ्यांनी गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेलाला वाट मिळते. आवाजाकडे लक्ष ठेवा: घट्ट बसलेला पिलर टणक, भरीव वाजतो, सुटायला लागला की आवाज किंचित खुळखुळीत होतो.

यात उकळतं पाणीही मदत करतं. बीबी उघडीच आहे, पाणी खालून वाहून जाईल. उभ्या नळीच्या वरच्या भागाला जाड फडकं गुंडाळा आणि केटलीतून उकळतं पाणी हळूहळू त्यावर ओता. बाहेरची नळी आतल्या पिलरच्या आधी तापते आणि फुगते, आणि तेवढ्या क्षणापुरती पकड ढिली होते. रंगाला काही होत नाही. पाणी ओतून झाल्यावर लगेच तेल सोडा. थंड होताना फट ते आत ओढून घेते.

ॲल्युमिनियमचा पिलर असेल तर तापवण्याचा हिशेब उलटा आहे. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं: एका अंशाला, एका मीटरमागे लोखंड सुमारे १२ मायक्रॉन आणि ॲल्युमिनियम सुमारे २३. म्हणजे दोन्ही मिळून तापवले तर पिलर आणखी घट्ट होतो. तिथे पिलर गार करायचा. पिलर वरून उघडा असेल तर बूच काढा, वरून एक प्लास्टिकची पातळ लांबट पिशवी किंवा फुगा पिलरच्या पोकळीत बसवा आणि त्यात बर्फ आणि मीठ भरा, कुल्फीच्या डब्याभोवती भरतात तसं. मिठाने बर्फ शून्याच्या खूप खाली जातो. पिशवी गळकी नको, नाहीतर तेच खारं पाणी आत जाऊन सगळा उद्योग पुन्हा सुरू होईल. आतून बर्फ आणि बाहेरून उकळतं पाणी एकाच वेळी. ४० अंशांच्या फरकात पिलर २५ मायक्रॉनच आकसतो, पण भुकटीचा बंध तोडायला तेवढं पुष्कळ होतं. घरगुती अमोनियाही काही कारागीर वापरतात. मला त्याचा फारसा गुण आलेला नाही, तेव्हा मी सुचवणार नाही.

आता प्रत्यक्ष सोडवणं. इथे सगळ्यांची एकच चूक होते: पिलर वर ओढतात. ओढताना तुमच्या हातांची ताकद जेवढी तेवढीच पिलरला लागते. फिरवताना लांब दांड्याचा फायदा मिळतो. पिलरची त्रिज्या १३ मिलिमीटर आणि तुमचा हात ५० सेंटिमीटरवर असेल तर पिलरच्या पृष्ठभागावर तुमचा जोर ३८-३९ पट होतो. म्हणून आधी फक्त फिरवायचं. एकदा गोल फिरला की बंध तुटला, मग फिरवत फिरवत वर घ्यायचा. फिरल्याशिवाय ओढायचा नाही.

पाइप पान्याने का जमलं नाही? १४ इंची पाना, चेपणारा पातळ माथा, आणि फ्रेमला धरणारा एकच माणूस. पान्याचे दात पिलर चावतात, तो अंडाकृती होतो, आणि अंडाकृती पिलर गोल नळीत आणखी रुततो. यापेक्षा चांगली पद्धत म्हणजे पिलरला बांधून ठेवायचं आणि फ्रेम फिरवायची. कोणत्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे किंवा मोटार गॅरेजमध्ये टेबलाला बोल्टने घट्ट बसवलेला व्हाइस, म्हणजे वस्तू जबड्यात आवळून धरणारं साधन, असतो. तिथे जा. चाकं, हँडल, फोर्क सगळं काढून नुसती फ्रेम न्या. पिलरच्या पोकळीत आधी मापाची भरीव सळई ठोकून बसवा, म्हणजे माथा आणखी चेपणार नाही. मग कानशीने माथ्याला समोरासमोर दोन सपाट बाजू करा. पिलर टाकायचाच आहे, तेव्हा त्याची काळजी करू नका. फ्रेम उलटी धरून हा माथा व्हाइसमध्ये शक्य तितका खोल, फ्रेमच्या अगदी जवळ, आवळा.

आता फ्रेम टेबलाच्या वर आडवी फिरू शकते. तिला दोन माणसांनी धरायचं. एकाने पुढे हँडलच्या नळीपाशी, दुसऱ्याने मागे चाक बसतं तिथे. दोघांनी विरुद्ध दिशेला, सारखा, वाढत जाणारा जोर द्यायचा. झटका नाही. एका दिशेला पाच सेकंद, मग उलट्या दिशेला पाच सेकंद, असं पुन्हा पुन्हा. सुटताना 'कर्र' असा आवाज येतो आणि तो आला की माझ्या अंगावरचा ताण उतरतो. अगदी दोन-तीन अंश फिरला तरी थांबा, तेल सोडा, अर्ध्या तासाने परत या. फिरण्याचा कोन हळूहळू वाढवत न्या.

माझी गेलेली फ्रेम इथेच गेली. गिअरची, पातळ नळ्यांची, चांगली इंग्लिश फ्रेम होती. मालकाला दुसऱ्या दिवशी बाहेरगावी जायचं होतं. मी एकटा होतो, आणि पुढच्या टोकाला सगळा जोर लावून झटका दिला. पिलर जागचा हलला नाही. आडवी नळी आणि उभी नळी जिथे मिळतात त्या जोडाला तडा गेला. एकाच टोकाला जोर दिला की फिरवण्यापेक्षा वाकवणंच जास्त होतं. हे मला माहीत होतं आणि तरी केलं. त्या माणसाला तोंड कसं दाखवलं ते माझं मला माहीत. म्हणून दोन माणसं हा नियम मी तेव्हापासून मोडलेला नाही.

काही वेळा आधी खाली ठोकल्यानेही बंध तुटतो: भरीव सळई बसवलेल्या माथ्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून दोन-तीन ठोसे, मिलिमीटरभर सरकण्यापुरते. लोखंडात लोखंड असेल आणि खाली जागा आहे हे सळईने मोजलं असेल तरच. ॲल्युमिनियमला हे नको, तो पसरतो.

याने नाही सुटला आणि पिलर लोखंडी असेल, तर ग्रिल-गेटचं काम करणाऱ्या वेल्डरकडे जा. त्याच्याकडून पिलरच्या माथ्यावर फूटभर लांबीची जाड पट्टी किंवा मोठा नट वेल्ड करून घ्या. याचे दोन फायदे: न घसरणारी पकड मिळते, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने आतला गंज तडकतो. काम थंड झाल्यावर लगेच फिरवून पाहा, अनेकदा त्याच दिवशी सुटतो. मात्र जाण्याआधी दोन दिवस तेल बंद ठेवा आणि नळी आतून कापडाने कोरडी करा. ॲसिटोनची वाफ नळीत असताना ठिणगी पडली तर भडका होतो. अर्थिंगचा चिमटा फ्रेमला नव्हे, पिलरलाच लावायला सांगा. आणि वेल्डरला फ्रेमवर ज्योत मारू देऊ नका. जुन्या फ्रेमचे जोड पितळेने भरलेले असतात. पितळ वितळायला खूप उष्णता लागते हे खरं, पण रंग त्याच्या कितीतरी आधी जळतो आणि वडिलांच्या हातची ती सोनेरी रेघ परत येत नाही.

शेवटचा मार्ग कापण्याचा. तो कष्टाचा आहे, पण त्यात फ्रेम सगळ्यात सुरक्षित राहते, म्हणून मला तो आवडतो. पिलर फ्रेमच्या वर दोन-अडीच सेंटिमीटर ठेवून बाकीचा कापून टाका. हॅक्सॉचं पातं घ्या, एका टोकाला कापड आणि टेप गुंडाळून मूठ करा, आणि ते पिलरच्या पोकळीत घालून आतून बाहेरच्या दिशेला उभी चीर पाडायला लागा, वरपासून अगदी खालच्या टोकापर्यंत. चीर फ्रेमच्या मागच्या चिरेच्या समोर नको, बाजूला घ्या. पातं ओढताना कापेल अशा दिशेने दात ठेवा, म्हणजे ते वाकणार नाही. कुठे थांबायचं ते भुश्शावरून कळतं. ॲल्युमिनियमचा पिलर असेल तर पांढरा चमकदार कीस पडत राहतो. त्यात तांबूस पूड मिसळायला लागली की पिलर संपला आणि गंजाचा थर आला, तिथेच थांबा. लोखंडी पिलरमध्येही चकचकीत किसाच्या जागी तपकिरी पूड येते, पण ते ओळखायला जास्त बारकाईने पाहावं लागतं. दर दहा मिनिटांनी मोबाइलच्या टॉर्चने आत पाहा. खालच्या टोकाला चीर अपुरी राहते आणि तिथेच पिलर धरून राहतो, म्हणून सळईने मोजलेली खोली पात्यावर खूण करून घ्या. मला एका पिलरला साधारण दोन ते चार तास लागतात. घाई झाली की पातं तिरकं जातं.

एक चीर पूर्ण झाली की पिलरची एक कड छिन्नीने आतल्या बाजूला हळूच वळवा, चिमट्याच्या पक्कडीत धरा आणि पत्रा गुंडाळावा तशी आत गुंडाळत न्या. न जमल्यास पहिल्या चिरेपासून बोटभर अंतरावर दुसरी चीर पाडा. मधली पट्टी निघून येते आणि उरलेला पिलर आकसून सुटतो.

कॉस्टिक सोड्याबद्दल कुणीतरी तुम्हाला सांगेल, म्हणून लिहितो. तो ॲल्युमिनियम अक्षरशः खाऊन टाकतो आणि लोखंडाला जवळजवळ हात लावत नाही. पण पिलर लोखंडी असेल तर त्याचा काहीच उपयोग नाही, आणि फ्रेम ॲल्युमिनियमची असेल तर फ्रेमच जाईल. घरात मुलं किंवा जनावरं असतील तर हे करूच नका. या कामात मिश्रण तापतं, उसळतं आणि हायड्रोजन वायू निघतो, जो पेटतो. डोळ्यात एक थेंब गेला तर दृष्टी जाऊ शकते. शिवाय जुन्या फ्रेमच्या नळ्यांना जोडांपाशी आतून छोटी भोकं असतात, त्यातून हे पाणी आडव्या नळीत आणि मागच्या दांड्यांत जातं आणि तिथेच राहतं. मी अगदी अडल्यावरच वापरतो: उघड्यावर, डोळ्यांवर बंद चष्मा, लांब रबरी हातमोजे, सोडा हळूहळू पाण्यात (पाणी सोड्यात कधीच नाही), जवळ पाण्याचा पाइप चालू, आणि नंतर फ्रेम कितीतरी वेळ धुऊन. पहिल्यांदा करणाऱ्याने हॅक्सॉचं पातंच घ्यावं.

पिलर निघाल्यावर लगेच नवा घालू नका. नळी आतून साफ करायची. लाकडी दांडक्याला टोकापाशी उभी चीर पाडा, तिच्यात पॉलिश पेपरची पट्टी अडकवून गुंडाळा, दांडकं ड्रिलमध्ये धरून नळीत वर-खाली फिरवा. आधी ८० नंबर, मग १५०. सगळी पूड रॉकेलच्या फडक्याने पुसा. बीबी अजून उघडी आहे म्हणून हे नीट होतं. बंद असती तर ही पूड थेट छर्ऱ्यांत गेली असती.

नव्या पिलरचं माप अंदाजाने घेऊ नका. पिलर ०.२ मिलिमीटरच्या फरकाने येतात: २५.४, २६.४, २६.६, २६.८, २७.२ अशी अनेक मापं आहेत. जुन्या पिलरच्या खालच्या भागावर आकडा कोरलेला असेल तर उत्तम, नाहीतर न गंजलेल्या जागी व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या कॅलिपरने) मोजा. चेपलेल्या माथ्यावर मोजलंत तर फसाल, आणि वरचा बारीक भाग तर मापाचा नसतोच; तिथे सीटचा क्लॅम्प बसतो आणि तो सहसा पाऊण इंचाहून जरा मोठा, ७/८ इंचाचा, असतो. योग्य पिलर हाताने, थोड्या दाबाने, आत जायला हवा. सैल असेल आणि सीट बोल्टानेच आवळावा लागत असेल तर तो लहान आहे, परत करा. सैल पिलर कानांना वाकवतो. आत निदान सहा-सात सेंटिमीटर राहील असा ठेवा, पिलरवर कमाल उंचीची रेघ असेल तर तिच्या वर नेऊ नका.

पिलरला आणि नळीला आतून ग्रीस लावा, पातळ पण सगळीकडे. ॲल्युमिनियमचा पिलर घेणार असाल तर तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या कणांचं अँटी-सीझ (धातू एकमेकांत अडकू नयेत म्हणून लावायचं मलम) मिळतं ते लावा. लोखंडी पिलरला साधं बेअरिंगचं ग्रीस पुरे. माझं मत विचाराल तर या सायकलीला लोखंडी, क्रोमचा पिलरच घ्या. काही ग्रॅम जास्त वजन, पण बॅटरी तयार होत नाही.

पाणी आत जातं ते मागच्या चिरेतून. मागचं चाक चिखलपाणी बरोबर तिथेच उडवतं, आणि आपण सायकल धुतो तेव्हा पाइपचा फवाराही तिथेच मारतो. दसऱ्याला सायकल धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूचा हार घालायची आपल्याकडे पद्धत आहे. तिथे पाणी जितकं जाईल तितकं वर्षभर राहतं. मी गिऱ्हाइकांना सांगतो, खंडेनवमीला सायकल धुतल्यावर सीट बोल्ट सैल करून पिलर पूर्ण बाहेर काढा, नळी पुसा, ग्रीस लावा, मग हार घाला. उंचीची खूण टेपने करून ठेवलीत तर पाच मिनिटांचं काम. तसंच एकदा मे अखेरीस, पावसाच्या आधी. चिरेवर जुन्या ट्यूबचा दोन बोटं रुंदीचा पट्टा कापून पिलरवरून सरकवून बसवा, त्याने पाणी जवळजवळ बंद होतं. ट्यूबचा असा पट्टा पूर्वी पुष्कळ काळ्या सायकलींवर दिसायचा.

आता आज करण्यासारखं एवढंच: पाना लावायचा नाही, चुंबक लावायचं आणि शक्य झालं तर बीबी उघडून सळईने खोली मोजायची. चुंबक चिकटलं की नाही, पिलर आत किती सेंटिमीटर आहे, आणि चिरेत पांढरं दिसतंय की तांबडं, या तीन गोष्टी मला कळवा. चेपलेल्या माथ्याचा वरून आणि बाजूने एकेक फोटोही पाठवा, म्हणजे व्हाइसमध्ये धरण्याएवढा तो शिल्लक आहे की थेट वेल्डरकडे जायचं, ते सांगता येईल.